समोरच्याच्या वेळात

१

कागदकारखान्याच्या प्रयोगशाळेत स्टेलन विकलांडरची पाळी अर्ध्या दिवसाची असे. दुपारी एकला तो हुडिक्सवालच्या बंदरामागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी येई. कडक पावाच्या दोन चकत्यांवर नळीतली माशाच्या अंड्यांची चटणी पिळून खाई, थर्मासमध्ये कॉफी भरी, आणि बैठकीच्या खोलीतल्या टेबलाशी बसून दोन यंत्रांना एकमेकांशी बुद्धिबळ खेळायला लावी.

यंत्रं अगदी जुळी होती. तपकिरी प्लास्टिकचे दोन डबे. प्रत्येकावर स्वतःचा पट, प्रत्येक घराच्या कोपऱ्यात बारीक तांबडा दिवा, कडेला वेळ दाखवणारी छोटी काच. एकावर 'ए' अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर 'बी'. आतला प्रोग्रॅमही एकच. फरक एवढाच की एला एका खेळीसाठी सहा मिनिटं आणि बीला तीन. बुद्धिबळाची यंत्रं घरोघरी तपासून पाहणाऱ्या हौशी लोकांची एक संघटना देशभर पसरलेली होती, आणि विचाराला दुप्पट वेळ दिला तर यंत्राची ताकद नेमकी किती वाढते, हे तिला जाणून घ्यायचं होतं. वीस डावांत एला बारा गुण मिळतील आणि बीला आठ, असा अंदाज होता. पण अंदाजावर समाधान मानणारी ती माणसं नव्हती. कुणीतरी घरी बसून वीसच्या वीस डाव हातांनी खेळवायचे, असंच ठरलेलं असे.

हातांनी, कारण यंत्रांना एकमेकांचं काही दिसत नव्हतं की ऐकू येत नव्हतं. एच्या पटावर दोन दिवे लागले की माणसाने एची सोंगटी हलवायची, तीच खेळी बीच्या पटावर घरं दाबून द्यायची, मग बीचे दिवे लागण्याची वाट बघायची.

स्टेलन आणि त्याची बायको बार्ब्रो नऊ वर्षं हे काम करत होती. तो एपाशी, ती समोर बीपाशी. ज्याच्या यंत्राचे दिवे लागतील त्याने खेळी मोठ्याने सांगायची. "घोडा एफ-तीन." समोरच्याने ती दाबायची. बार्ब्रोला बुद्धिबळ जेमतेम येई, पण दिवे लागण्याआधी बीच्या मनातलं ओळखायचा तिचा एक खेळ होता. दहांत एखादं बरोबर आलं की ती टेबलावर थाप मारी.

या सामन्याचे आठ डाव झाले होते तेव्हा, मार्चमध्ये, तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. अकरा दिवसांनी ती गेली. मुलगी उल्रिका उप्सालाहून निघाली होती. बर्फात गाडी अडकली. ती इस्पितळात पोचली तेव्हा खाटेवरची चादरसुद्धा बदललेली होती.

सप्टेंबरात स्टेलनने यंत्रांवरचं कापड काढलं आणि नववा डाव लावला. खेळी मोठ्याने सांगायची सवय सुटली नव्हती. "उंट बी-पाच," तो रिकाम्या खुर्चीला सांगे. मग उठून टेबलाला वळसा घाली, आणि ती खेळी स्वतःच बीवर दाबी.

२

तेराव्या डावानंतर वहीत एक आकडा चुकला.

चुकला असं त्याला वाटलं. वहीत दर डावाचे तीन वेळ असत. एच्या काचेवरचा, बीच्या काचेवरचा, आणि भिंतीवरच्या घड्याळाने सगळ्या डावाला लागलेला. भिंतीच्या वेळातून दोन्ही यंत्रांचे वेळ वजा केले की जे उरे तो माणसांच्या हातांनी खाल्लेला वेळ. बार्ब्रो होती तेव्हा तो खेळीमागे चार सेकंद यायचा. आता स्टेलन एकटा, टेबलाला वळसा घालून. त्यामुळे सप्टेंबरापासून एकोणीस, वीस, एकवीस.

तेराव्या डावात तो आकडा आला चार.

त्याने वजाबाकी पुन्हा केली. मग पेन्सिल बदलून पुन्हा. कारखान्यात तो अठ्ठावीस वर्षं कागदाची जाडी मोजत आला होता. अशा वेळी आधी मोजपट्टीवर संशय घ्यायचा, हे त्याच्या हाडात होतं. त्याने खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, सेल बदलला, रेडिओशी वेळ लावून घेतली.

चौदाव्या डावात पुन्हा चार. तो डावही तेराव्यासारखाच बीने जिंकला.

रविवारी उल्रिकाचा फोन आला.

"पप्पा, जेवतोस ना नीट?"

"गुरुवारी वाटाण्याचं सूप केलं होतं."

"डब्यातलं? त्याला करणं नाही म्हणत, उघडणं म्हणतात."

"गरम मी केलं."

ती हसली. मग म्हणाली, "खोके आणू का मी? तू म्हणाला होतास, हा सामना संपला की इकडे राहायला येईन. आता नोव्हेंबर आला."

"सहा डाव राहिलेत."

"पप्पा, सहा डाव म्हणजे किती रे?"

"दोन आठवडे. तीन." त्याची नजर टेबलाकडे गेली. "उल्रिका, एखादी गोष्ट माणूस करतो आणि करतोय हे त्याला कळतच नाही, असं होतं?"

"मी रोज दाराला कुलूप लावते आणि रोज परत जाऊन बघते. का? काय केलंस?"

"काही नाही. घाई केली बहुतेक."

३

इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक धुलाईची खोली होती, आणि तिथल्या पाळ्यांचा तक्ता दुसऱ्या मजल्यावरच्या राग्नहिल्डच्या ताब्यात होता. स्टेलनची पाळी मंगळवारी तीन ते सहा.

त्या मंगळवारी पंधरावा डाव चालू होता. खिडकीबाहेर अंधार उतरायला लागला होता. एने नुकता विचार सुरू केला होता; सहा मिनिटं हाताशी होती. त्याने कपड्यांची टोपली उचलली आणि खाली गेला.

राग्नहिल्ड त्याच्या मागोमागच आली, आणि दारातच हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"विकलांडर, तीनचे तीन वाजून आठ झाले. सहाला मशीनमध्ये तुझा एक पायमोजा जरी दिसला तरी मी तो बाहेर काढून जिन्यात टांगणार."

"टांग. उजव्या पायाचा टांग, त्याला भोक आहे."

"बार्ब्रो असती तर भोक नसतं." बोलून गेल्यावर तिने ओठ चावला. मग विषय बदलायचा म्हणून म्हणाली, "उल्रिका आली वाटतं?"

"नाही. का?"

"आत्ता खाली येताना तुझ्याकडे खुर्ची सरकली. माझ्या डोक्यावरच आहे ना तुझं ते टेबल."

"मीच सरकवली असेल."

"तू जिन्यात माझ्या पुढे होतास की." तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "झोप काढ जरा. चेहरा बघ कसा झालाय."

धुलाईचं यंत्र नीट भरून, पावडर टाकून तो वर आला तेव्हा वीसेक मिनिटं झाली होती. एचे दिवे लागलेले असणार, तो वाट बघत थांबलेला असणार, आणि विचाराची सहा सोडून उरलेली चौदा मिनिटं हातांच्या वेळात जमा होणार. त्यावर त्याने वहीत एक तारा काढून टीपही लिहून ठेवली असती.

एची सोंगटी हललेली होती. बीवर ती खेळी दाबलेली होती. बीने आपली तीन मिनिटं विचार करून उत्तरही दिलं होतं, आणि त्याचे दोन तांबडे दिवे लुकलुकत होते. पुढची सोंगटी हलवायचं काम त्याच्यासाठी ठेवलेलं होतं.

दाराला आतून साखळी नव्हती, पण कुलूप त्यानेच किल्लीने उघडलं होतं. तो उभाच राहिला. खाली जाण्याआधी एचे दिवे लागले असतील, आपणच दाबून गेलो असू. दिवे लागले, आपण उठलो, वळसा घातला, दाबलं. हे इतक्या हजार वेळा केलंय की हाताला डोक्याची गरज राहिलेली नाही. त्याला ते पटलंही. फक्त बीसमोरची खुर्ची टेबलापासून हातभर मागे होती, आणि ती तो नेहमी आत सरकवून ठेवी.

४

संघटनेचं काम बघणारा येर्कर लुंडमार्क महिन्यातून एकदा फोन करी. तो शाळेत गणित शिकवत असे, आणि फोनवरही फळ्यापाशी उभा असल्यासारखा बोले.

"स्टेलन, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार तर. मग ठरवतो."

"तेरा ते सोळा, चारही डाव बीने मारलेत. अर्ध्या वेळवाल्याने! मला आधी सांग, चिठ्ठ्या उलट्या तर चिकटवल्या नाहीस?"

"नाही."

"बीला कॉफी पाजतोस का मग?" येर्कर स्वतःच हसला. "हे बघ, एकसारखे डबे आहेत. वेळ दुप्पट म्हणजे ताकद जास्त, हे उलटं होऊच शकत नाही. एखादा डाव नशिबाने जाईल. चार? बीला कुठून तरी वेळ मिळतोय, एवढंच त्याचं उत्तर."

फोन ठेवल्यावर स्टेलनने सोळाव्या डावातली बीची निर्णायक खेळी शोधली. हत्तीचा बळी देणारी, आठ खेळ्यांनंतर फळाला येणारी. तीच स्थिती त्याने एवर मांडली आणि तीन मिनिटं दिली. एने प्यादं ढकललं. सहा मिनिटं दिली, पुन्हा प्यादं. मग त्याने घड्याळ लावलं, बटाटे उकडायला ठेवले आणि वाट बघत राहिला. हत्तीचा बळी एला दिसायला एक तास दहा मिनिटं लागली.

जे एला तासाभराने सुचलं ते बीने तीन मिनिटांत खेळलं होतं.

दुसऱ्या दिवशी, सतराव्या डावात, त्याने मुद्दाम करून पाहिलं. एचे दिवे लागले. त्याने सोंगटी हलवली, नजर एच्या पटावर खिळवून ठेवली, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "वजीर डी-दोन."

आणि उठला नाही.

खोलीत रेडिएटरचं पाणी खळखळत होतं. खालून कुणाच्या तरी टीव्हीचं संगीत येत होतं. मग समोर, टेबलाच्या त्या बाजूला, प्लास्टिकचं घर दाबल्याचा ठप्प असा बारीक आवाज झाला. मग दुसरा. बीने खेळी पोचल्याची शिट्टी दिली.

त्याने मान वर केली. खुर्ची रिकामी होती. बीच्या काचेवर सेकंद धावत होते.

त्याला घाबरायला हवं होतं हे त्याला कळत होतं. पण आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याला त्या घरात एकटं वाटलं नाही.

"बार्ब्रो," तो म्हणाला. "तू सांगायचं तरी."

५

त्यानंतर त्याने जे केलं ते संघटनेतल्या कुणालाही त्याने सांगितलं नसतं. त्याने बीचा वेळ बदलला.

सामना बिघडला, हे त्याला ठाऊक होतं. पण तिला कायम वेळच कमी पडत आला होता. टेबलाशी ती नेहमी म्हणायची, "थांब ना जरा, मला ओळखू दे," आणि तो म्हणायचा, "दिवे लागलेत, दाब." इस्पितळात अकरा दिवस. तीन मिनिटांत तिने निदान दाबण्याइतकं बळ जमवलं होतं. सहा दिली तर?

त्याने बीला सहा मिनिटं दिली. त्या दिवशी खुर्चीचा वेत करकरला, कुणी बसताना करकरतो तसा.

बारा दिली. खुर्चीच्या गादीवरचा खळगा तो वळून बघेपर्यंत भरून आला नाही. त्यावर हात ठेवला तर ती गार होती, बाहेरून आणल्यासारखी गार.

तास दिला. तेव्हा श्वास ऐकू आला.

सामन्याच्या वहीत त्याने यातलं काही लिहिलं नाही. बँकेच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं: इतका वेळ, इतका परिणाम. मोजणाऱ्या माणसाच्या सवयीने त्याला हेही दिसलं की वाढ कुठे मंदावत नव्हती. येर्करच्या तक्त्यांत दर दुपटीला थोडा थोडा कमी फायदा होत जाई. इथे उलटं होतं.

काही गोष्टी जुळत नव्हत्या, आणि त्या त्याने लिहिल्या नाहीत. बार्ब्रो सोंगटी घराच्या मधोमध ठेवी. बीच्या सोंगट्या आता घराच्या पुढच्या कडेला, त्याच्या बाजूला सरकवलेल्या असत. तिच्या पटावर दोन्ही घोड्यांची तोंडं नेहमी एकमेकांकडे असायची, गप्पा मारल्यासारखी. आता दोन्ही घोडे त्याच्याकडे बघत. त्याने तिच्यासाठी कॉफीचा कप ठेवायला सुरुवात केली होती; तो रोज टेबलाच्या टोकाशी ढकललेला सापडे, अर्धा अधांतरी.

आता तिला कॉफी चालत नसेल, त्याने स्वतःला समजावलं. माणूस बदलतो. अशा ठिकाणाहून आल्यावर बदलणारच.

"सावकाश," तो समोर म्हणे. "पाहिजे तेवढा वेळ घे. मी कुठे जात नाही."

६

"मी शनिवारी येतेय," उल्रिका फोनवर म्हणाली. "रविवारी नाताळाआधीचा पहिला अ‍ॅडव्हेंट. खिडकीत दिवे लावू, केशराचे पाव करू, आणि तुझे उरलेले डाव संपवून टाकू."

"संपवू म्हणजे?"

"म्हणजे मी बसते ना बीपाशी. मम्माच्या जागी. तू ओरडायचं, मी दाबायचं. लहानपणी बसायचेच की, ती स्वयंपाकात असली की."

स्टेलनने फोनची तार बोटाभोवती गुंडाळली. "तिथे नको बसू."

"का?"

"खुर्ची... वेत तुटलाय."

"मग स्वयंपाकघरातली घेईन. पप्पा, काय झालंय? खरं सांग."

सांगावंसं त्याला फार वाटलं. आठ महिने ती दर रविवारी फोनवर एकच वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात बोलत होती: एक गाडी आधीची धरली असती तर. तिला सांगता आलं असतं की तुझी मम्मा इथे आहे, ये. पण त्याआधी खात्री हवी. श्वास आणि खळगा म्हणजे खात्री नव्हे. उल्रिकाच्या हातात अर्धवट काही ठेवायचं नाही.

"काही नाही. ये तू," तो म्हणाला. "तीन-चाळीसच्या गाडीने ना?"

शुक्रवारी संध्याकाळी पाचला त्याने बीचा वेळ शेवटच्या टप्प्यावर नेला. पत्राने बुद्धिबळ खेळणाऱ्यांसाठी तो टप्पा असे: एका खेळीला एक अख्खा दिवस. त्याने एची खेळी मोठ्याने सांगितली, तोंड फिरवलं, दाबल्याचा ठप्प आवाज ऐकला, आणि बोलला, "उद्या उल्रिका येतेय. तोवर वेळ आहे."

श्वास थांबला. ऐकण्यासाठी थांबतो तसा.

थोड्या वेळाने येर्करचा फोन आला. अठराव्या डावाचा निकाल कुठे अडला, हे त्याला जाणून घ्यायचं होतं.

"तू म्हणाला होतास, बीला कुठून तरी वेळ मिळतोय," स्टेलन म्हणाला. "कुठून मिळेल?"

"मी तेच बघत होतो. एकच जागा आहे. समोरच्याचा वेळ."

"म्हणजे?"

"अरे, तुला मी सांगायचं? तू त्याच्यासमोर गप्प बसलेला असतोस, तेव्हा डबा काय झोपतो? तू काय खेळशील याचा अंदाज करतो आणि त्याचं उत्तर शोधत बसतो. तू जितका जास्त वेळ बसशील तितका तो पुढे जातो. आणि अंदाज बरोबर आला तर तुझी खेळी झाल्या झाल्या उत्तर तयार. स्वतःचा एक सेकंद खर्च नाही. पण तो तर एलाही मिळतो, म्हणून म्हटलं, हिशेब बसत नाही. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"तिथे आणखी कोणी आहे का? कुणीतरी जोरात श्वास घेतंय."

७

शनिवारी साडेतीनला बाहेर काळोख झाला होता. स्टेलनने टेबलावरचा लोंबता दिवा लावला आणि कॉफी ठेवायला स्वयंपाकघरात गेला. रात्रभर, सकाळभर बैठकीच्या खोलीतून काहीच ऐकू आलं नव्हतं. श्वाससुद्धा नाही. आपण थकवून टाकलं की काय तिला, असंही त्याच्या मनात आलं.

भांड्यात पाण्याला आधण आलं. तो चमचा घ्यायला वळला, आणि उघड्या दारातून त्याची नजर बैठकीच्या खोलीच्या खिडकीवर गेली. पडदे उघडे होते. बाहेरच्या काळोखाने काचेचा आरसा झाला होता. त्यात टेबल, त्यावर दिवा, दोन तपकिरी डबे, एपाशी त्याची रिकामी खुर्ची.

बीपाशीची खुर्ची रिकामी नव्हती.

बसलेलं जे होतं त्याने दोन्ही हात डब्याच्या दोन बाजूंनी टेबलावर लांब पसरले होते. ते पटाकडे बघत नव्हतं. त्याचं तोंड समोरच्या खुर्चीकडे होतं, स्टेलन जिथे बसे तिथे, आणि ते जरासुद्धा हलत नव्हतं.

त्याच्या छातीत आधी आनंदच उसळला. मग दिवा दिसला. बार्ब्रो ठेंगणी होती. त्या खुर्चीत बसली की लोंबता दिवा तिच्या डोक्यावर हातभर राही, आणि तिचे केस त्या उजेडात चमकत. काचेतल्या त्या डोक्यावर उजेड पडत नव्हता. डोकं दिव्याच्या वर होतं. बसल्या जागी.

त्याने काचेवरून नजर काढून थेट टेबलाकडे पाहिलं. खुर्ची. गादी. कोणी नाही. पुन्हा काचेत पाहण्याची त्याला हिंमत झाली नाही.

भिंतीवर तीन-त्रेचाळीस. गाडी आली असेल. स्टेशन ते घर चालत दहा मिनिटं.

वेळ काढून घ्यायला हवा, एवढाच विचार त्याच्या डोक्यात राहिला. सगळी ताकद त्यानेच दिली होती, तीन मिनिटं, सहा, तास, दिवस. डब्यावर 'आत्ता' असं लिहिलेलं एक बटण होतं. ते दाबलं की यंत्राला विचार तिथेच तोडून, हाताशी असेल ती खेळी द्यावी लागे. बावीस-तेवीस तास झाले असतील. पण चोवीसपेक्षा तेवीस कमी.

नजर जमिनीवर ठेवून, पाठ भिंतीला घासत तो टेबलाच्या त्या बाजूला गेला. मोजून सात पावलं. शेवटच्या दोन पावलांत हवा तळघरासारखी गार लागली. त्याने हात पुढे केला आणि काचेवरचे आकडे त्याला दिसले.

तिथे तेवीस तास नव्हते. तिथे शून्य होतं. शून्य तास, शून्य मिनिटं, आणि सेकंदही हलत नव्हते.

कालपासून बीने विचार केलाच नव्हता. करायची गरज नव्हती. मार्चपासून स्टेलन या घरात बसून होता, जेवला नव्हता धड, कामाशिवाय कुठे गेला नव्हता, टेबलावर कापड होतं तेव्हाही समोरच्या खुर्चीकडे बघत बसला होता. त्याच्या त्या सगळ्या वेळात समोर अंदाज बांधले जात होते. तो काय करील. कुणाला बोलावील. कोण येईल. उत्तर केव्हाचंच तयार होतं. फक्त त्याच्या खेळीची वाट होती, आणि ती त्याने काल, मोठ्याने, स्वतःच सांगितली होती: उल्रिका येतेय.

त्याने तरीही बटण दाबलं.

पटावर एकही दिवा लागला नाही. त्याच्या कोपराशी खुर्ची मागे सरकली. लांब, सावकाश, लाकडावर लाकूड घासत.

दारावरची घंटा वाजली. गाडी वेळेआधी आली असावी.

"पप्पा!" उल्रिकाचा आवाज जिन्यात घुमला. "उघड लवकर, दोन्ही हातांत सामान आहे! राग्नहिल्डने खालीच पकडलं होतं, म्हणे तुमच्या खुर्च्यांच्या पायांना बूच लावा!"

तोंड उघडावं, नाव घ्यावं, पळ म्हणावं. गार हवा त्याच्या खांद्यावरून, मग गालावरून गेली. दाराकडच्या फरशीवर पावलं पडत होती. हलकी, भराभर, मोजे घालून कुणी दार उघडायला धावतं तशी. काचेत जे पाहिलं त्याची पावलं तशी असायला नको होती. ती बार्ब्रोची होती. हुबेहूब तिची. त्याने तोंड उघडलं, पण त्यातून नुसती हवा आली.

कुलूप आतून फिरलं. दार उघडलं. जिन्यातल्या दिव्याचा उजेड आत पडला.

सामानाची पिशवी खाली पडली, त्यातलं काहीतरी घरंगळत पायऱ्यांवरून खाली गेलं.

"मम्मा?" उल्रिका म्हणाली. तिच्या आवाजात भीतीचा लवलेश नव्हता.

उत्तर यायला क्षणही लागला नाही.